रांगेतले साहेब

साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात कोंबलं आणि आपल्याच दिव्यांग साहाय्य कार्यालयाच्या रांगेत ते शेवटी जाऊन उभे राहिले. डिझाइन थिंकिंगच्या, म्हणजे लोकांच्या अडचणीतून नवे उपाय शोधायच्या, शिबिरात प्रशिक्षक बाईंनी सांगितलं होतं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. एक दिवस त्याच्या जागी उभे राहा, नवं काय करायचं ते सुचेल. साहेबांना ते मनापासून पटलं होतं. बैठका घेऊन घेऊन ते विटले होते.

पुढच्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

"तुम्हीपण चाकाच्या खुर्चीच्या दुरुस्तीसाठी?"

"हो, वडिलांची आहे," साहेबांनी थाप मारली.

"माझ्या मुलाची. चाक निखळलंय. मागच्या खेपेला खुर्ची आणली, तर म्हणाले मुलगाही हवा. सतरा वर्षांचा घोडा, तीन जिने उचलून आणू कसा? सोमवारपासून परीक्षा आहे त्याची."

खिडकीशी बाईंचा नंबर लागला. आतल्या बाबूंनी मान वर न करताच सांगितलं, "मुलाचा खुर्चीत बसलेला फोटो इथे काढावा लागतो."

"अहो, खुर्ची मोडली म्हणूनच तो येऊ शकत नाही ना!"

"नियम आहे, बाई."

साहेबांना राहवलं नाही. ते पुढे झाले. बाबू ताडकन उभे राहिले.

"यांचं काम आत्ता करून टाका."

"करतो, साहेब. पण फोटोशिवाय संगणक पुढेच सरकत नाही." बाबूंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "खोटे अर्ज येतात म्हणून ही अट आपणच बसवून घेतलीत."

साहेबांना आठवलं. त्या नव्या कल्पनेबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता. त्यांनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला आणि ही अट काढायला सुचवलं. सूचना उत्तम आहे, वरिष्ठ म्हणाले, तीन महिन्यांनी समिती बसेल तेव्हा मांडा. साहेबांनी सोमवारचं सांगितलं. तिकडून पुन्हा तेच उत्तर आलं.

साहेबांनी फोन खिशात टाकला. लाज वाटत होती. बाई आता तोंडाचा पट्टा सोडणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली. सोडला असता तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या, साहेब," बाई कागद पिशवीत भरत म्हणाल्या. "तुमच्या तरी हातात काय आहे?"

त्या गेल्या. साहेब खिडकीशी तसेच उभे राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, तुमचा नंबर आलाय. काय हवंय ते सांगा की."