सापडलेली बोट

मोनिका तेव्हा आठवीत होती. मरोळच्या गावठाणात दुपारच्या वेळी इंग्रजी वाचू शकणारं तिच्याशिवाय कोणी घरी नसायचं. म्हणून १९५२ च्या ऑगस्टात तार आली, तेव्हा शेजारची आयडाबाय कागद घेऊन तिच्याकडेच धावत आली. आयडाबायचा नवरा क्लेमेंट मालवाहू बोटीवर खलाशी होता. एडनहून निघालेल्या त्या बोटीचा नऊ दिवस पत्ता नव्हता.

तारेत बोटीचं नाव होतं, त्यापुढे ‘फाउंडर्ड’ हा शब्द आणि पत्र मागाहून येतंय एवढंच. मोनिकाला त्याच आठवड्यात शाळेत क्रियापदांची रूपं पाठ करायला दिली होती. फाइंड, फाउंड, फाउंड. शब्दाच्या शेवटी ‘एड’ लागलं की काम होऊन गेलेलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. मधलं ‘अर’ मात्र अडलं. पण आयडाबाय तिच्या तोंडाकडे बघत होती.

“सापडली,” मोनिका म्हणाली. “बोट सापडली.”

आयडाबायने त्या संध्याकाळी घरोघर तळलेल्या गोडसर फुग्या वाटल्या. क्लेमेंटचे सदरे धुऊन वाळत घातले. चार दिवस ती हसत होती. पाचव्या दिवशी पत्र आलं, ते चर्चच्या फादरांनी वाचलं. बोट बुडाली होती. अकरा जण वाचले, त्यांत क्लेमेंट नव्हता.

गावठाणाने तार ऑफिसला शिव्या घातल्या. मोनिकाने मात्र शाळेतला शब्दकोश काढून बघितला. ‘फाउंडर’ म्हणजे जहाज पाणी भरून बुडणं. हे क्रियापदच वेगळं होतं, त्याचा ‘फाइंड’शी काही संबंध नव्हता. तिने शब्दकोश मिटून जागेवर ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

आयडाबायने चर्चमध्ये क्लेमेंटच्या नावाने मिस्सा, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, होऊ दिली नाही. “आधी सापडला होता ना,” ती म्हणायची. “सापडलेला माणूस परत कसा हरवेल?” रोज दिवेलागणीला ती दोन ताटं वाढायची. दोन्ही घरांत एकच भिंत होती. पलीकडून मोनिकाला तिचं बोलणं ऐकू यायचं. आज बांगडा मिळाला नाही, कौल फुटलंय, असं काहीबाही. मध्येच ती थांबायची, उत्तराला लागेल तेवढा वेळ, आणि मग त्या उत्तरावर हसायची.

मोनिका सहा वर्षं हे ऐकत राहिली. शिकून ती अंधेरीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली. एके दिवशी सुहासिनी नावाच्या मुलीने वहीत ‘गोएड’ लिहिलं. सगळ्या शब्दांना ‘एड’ लागतं, मग ‘गो’ला का नाही, असं तिचं म्हणणं. वर्ग हसला. शाळा सुटल्यावर मोनिका घरी न जाता थेट आयडाबायकडे गेली.

आयडाबाय मासळी साफ करत होती. मोनिकाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शब्द कसा दिसला, तिने तो कुठे तोडला, शब्दकोशात काय निघालं.

“म्हणजे त्या तारेत सापडणं नव्हतंच?”

“नव्हतं. तार बरोबर होती. चूक माझी होती.”

“आणि तुला हे केव्हापासून माहीत?”

“पत्र आलं त्याच आठवड्यापासून.”

आयडाबायने हात धुतले, पदराला पुसले. ती रडली नाही, रागावलीही नाही. “मग जेवायला कोण येतो, पोरी?” तिने विचारलं. खरंच माहिती हवी असल्यासारखं.



त्या रविवारी क्लेमेंटच्या नावाने मिस्सा झाली. आयडाबाय काळं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसली होती. बाहेर पडताना ती मोनिकाच्या शेजारून गेली, पण थांबली नाही. संध्याकाळी तिने दिवेलागणीलाच दार लावून घेतलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज मोनिकाला भिंतीतून ऐकू आला. पलीकडचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

मोनिकाला वाटलं, आता आपण सुटलो.

मंगळवारी दिवेलागणीला ती ओटीवर वह्या तपासत होती. गल्लीतून कोणाची तरी पावलं आली. आयडाबायच्या बंद दारापाशी थांबली. बराच वेळ तिथेच होती. मग ती पावलं मोनिकाच्या पायरीपर्यंत आली.

“कोण आलंय गं?” आईने आतून विचारलं.

पायरीवर कोणी नव्हतं. मोनिकाने वह्या बाजूला केल्या आणि समोरची खुर्ची रिकामी करून दिली.