मुठीतला झटका

बाण पोत्यात रुतला आणि सृष्टीनं धनुष्य खाली केलं. मुंजाजी बाणाकडे बघतच नव्हता. नेम कुठं लागला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, तो नातीच्या डाव्या मुठीकडे बघत होता.

“बसला का झटका?”

“न्हाई, आबा.”

“उलीसाबी?”

“उलीसाबी न्हाई.”

मुंजाजीनं धनुष्य तिच्याकडून घेतलं, स्वतः एक बाण सोडला आणि डावी मूठ तशीच धरून ठेवली. मग समाधानानं मान हलवली. धनुष्य थंड होतं. ‘थंड’ हा त्याचा स्वतःचा शब्द. बाण सुटल्यावर बांबूची टोकं जागेवर येऊन थांबतात आणि उरलेला सगळा जोर मुठीत आणून ओततात. तळहाताला हिसका बसतो, मनगट झिणझिणतं. हा झटका ज्या धनुष्यात नाही ते थंड, आणि यंदा मुंजाजीच्या हातून एकामागून एक थंडच धनुष्यं उतरत होती.

मुंजाजी जातीचा सुतार. बोरीजवळच्या वाडीत त्याच्या बापानं तिफणी आणि वखर केले, त्यानंही केले. पुढं लोखंडी अवजारं आली, दारं-खिडक्या बाजारातून तयार मिळू लागल्या आणि रंधा खुंटीला लागला. एकदा शाळेचे खेळाचे मास्तर दत्तराव एक चिरलेलं बांबूचं धनुष्य घेऊन आले आणि बसतंय का बघा म्हणाले. मुंजाजीनं ते बसवलं, मग उलटंपालटं करून बघितलं आणि स्वतःच एक करायला घेतलं. पहिली काही मोडली. एकानं तर मोडता मोडता त्याच्या हनुवटीवर खूण ठेवली. पण माणूस हट्टी होता. पुढं आसपासच्या शाळांच्या पोरी त्याच्याच धनुष्यावर शिकल्या.

बांबू काय, कुणालाही वाकवता येतो. दोन्ही बाजू सारख्या वाकवणं हे खरं काम. पडवीच्या भिंतीतल्या खुंटीवर तो धनुष्य टांगायचा, त्याची दोरी कप्पीवरून खाली ओढायचा आणि लांबून बघायचा. जी बाजू आडमुठेपणा करेल तिच्यावर कोळशानं खूण करायची, काचेच्या तुकड्यानं ती खरवडायची आणि पुन्हा टांगायचं. हे डोळ्याचं काम झालं. शेवटचं काम तळहाताचं. टोकं जड राहिली की झटका बसतो, म्हणून एक बाण सोडायचा, टोकं थोडी उतरवायची, पुन्हा बाण सोडायचा. फार उतरवली की मोडतात. कुठं थांबायचं हे मुंजाजीचा डावा तळहात सांगायचा, आणि तळहात खोटं बोलत नाही असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

यंदा तर तळहात लवकरच थांब म्हणत होता. टोकं चांगली जाडजूड असतानाच झटका गायब. जाड टोक आणि थंड मूठ, म्हणजे मोडायची भीती नाही आणि लागायचीही नाही. जन्मभर जे साधलं नाही ते म्हातारपणी साधलं म्हणून मुंजाजी हवेत होता. म्हाळसाबाई, त्याची बायको, म्हणायची की आता यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. ते तसं खरंच होतं. साखरेच्या आजारानं त्याची पावलं बधिर झाली होती, चालता चालता चप्पल निसटायची आणि त्याला पत्ता नसायचा. तिकडं मात्र कुणी फारसं लक्ष दिलं नाही. शेतातली, राबणारी माणसं पायांचं कौतुक करत नाहीत.

सृष्टी त्याच्या मुलाची, रामकिशनची मुलगी. रामकिशन आणि सून पुण्याकडे कंपनीत होते, पोर शाळेसाठी आजी-आजोबांकडे राहिली होती. परभणीला जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि दत्तराव सरांना तिच्याकडून आशा होती. मुंजाजीला आशाबिशा नव्हती. त्याला खात्री होती.

अशात एका सकाळी दत्तराव मोटारसायकलला दोन धनुष्यं बांधून आले. चहा झाला, ज्वारीच्या गोष्टी झाल्या, आणि मग सर जमिनीकडे बघत म्हणाले की पोरी तक्रार करताहेत, ही धनुष्यं हाताला लागतात. निकिता नावाच्या पोरीनं तर धरायलाच नकार दिला होता.

मुंजाजीच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं दोन्ही धनुष्यांना दोऱ्या चढवल्या आणि सरांच्या देखत पोत्यात बाणावर बाण सोडले. मूठ उघडून दाखवली. काही नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तो म्हणाला, मोबाइल धरधरून पोरींचे हात लोण्याचे झालेत. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून त्यानं सृष्टीला घरातून हाक मारली.

“वढ ह्ये. सरांना सांग काय लागायलंय ते.”

सृष्टीनं धनुष्य घेतलं. बाण सुटला तेव्हा तिचे ओठ मिटले गेले, पण मुंजाजी मुठीकडे आणि सर बाणाकडे बघत होते.

“न्हाई लागत,” ती म्हणाली.

दत्तराव धनुष्यं तिथंच ठेवून, नंतर बघू म्हणत गेले. घरचीच पोर साक्षीला उभी राहिल्यावर परका माणूस काय बोलणार? मुंजाजी त्या दिवशी भाकरी चवीनं जेवला.

पुढच्या आठवड्यात तो अंगणात निखाऱ्यावर बांबूचा बाक काढत बसला होता. ओला बांबू तापला की त्यातून पाणी फुसफुसतं आणि गोडसर वास सुटतो. डाव्या हातानं बांबू निखाऱ्यावर दाबून धरत मुंजाजी दुसऱ्या टोकाकडे एक डोळा मिटून बघत होता. म्हाळसाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. ती थांबली.

“काय जळायलंय?”

“बांबूचं पानी हाय ते.”

“बांबूचा वास मला ठाव न्हाई व्हय?” असं म्हणत ती आली आणि तिनं त्याचा हात ओढून वर घेतला. करंगळीखालची तळहाताची कड पांढरी पडली होती, कातडं सुटून लोंबत होतं. मुंजाजी त्याकडे दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा बघत राहिला. ती पाणी ओतत होती, रडत होती, शिव्या देत होती. त्याला पाण्याचा थंडपणाही कळत नव्हता.

मग तो उठला. ओल्या हातानं पडवीत गेला आणि भिंतीला टेकवलेली धनुष्यं बघू लागला. एकेकाचं टोक चिमटीत धरून त्यानं डोळ्यांजवळ नेलं. जाड. सगळी जाड. जी टोकं निम्मी उतरवल्याशिवाय पूर्वी त्यानं हातातून सोडली नसती, ती जशीच्या तशी पोरींच्या हातात गेली होती. धनुष्यं थंड झालीच नव्हती, थंड झाला होता त्याचा हात. मुंजाजी खाली बसला. भाजलेल्या हाताकडे न बघता तो सृष्टीची वाट बघत राहिला.

सृष्टी शाळेतून आली. त्यानं तिला दप्तरही खाली ठेवू दिलं नाही.

“डावा हात दाव.”

“काहून, आबा?”

“दाव म्हन्लो ना.”

तिनं बाही वर केली. मनगटावर आजीच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती. म्हाळसाबाईनं ती सोडवली. मनगट अंगठ्याच्या बाजूला सुजून टरारलं होतं आणि मलमाच्या वासानं पडवी भरली.

“कवापासून हाय ह्ये?”

“पोळ्यापासून.”

“आन मंग लागत न्हाई म्हनून काहून सांगायलीस?”

सृष्टी रडली नाही. हिशेब चुकलेल्या पोरासारखी खाली मान घालून उभी राहिली.

“तुमाला लागत न्हाई म्हन्ल्यावर मला वाटलं, माझाच हात कच्चा हाय. वढून वढून पक्का होईल.”

तळहात खोटं बोलत नाही हे त्यानंच पोरीला पढवलं होतं. पोरीनं स्वतःचा तळहात खोटा ठरवला आणि त्याचा खरा मानला. त्याला कुणी चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण कुणी मारलं नाही. म्हाळसाबाईनं गुपचूप हळद गरम केली आणि आधी पोरीच्या मनगटाला लावली.

परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत आहे, पण शीर आतून फाटली आहे, असं सांगितलं. हात गळ्यात बांधायचा, निवडीचं नाव काढायचं नाही, आणि पुढंही या हाताला धनुष्य सोसेल का ते आज सांगता येत नाही. सृष्टीनं फक्त एकच विचारलं, लिहिता येईल ना. ती उजव्या हातानं लिहायची, तरी विचारलं. मग डॉक्टरांनी मुंजाजीची पट्टी सोडून बघितली, पेनाचं टोक बोटांना लावत गेले आणि कळतंय का विचारत गेले. मुंजाजी प्रत्येक वेळी सृष्टीकडे बघून नाही म्हणाला.

घरी आल्यावर काही दिवस त्यानं हत्याराला हात लावला नाही. मग एका सकाळी परत आलेली दोन्ही धनुष्यं खुंटीवर चढवली. बायकोला हाक मारली.

“ह्ये धर आन वढ.”

म्हाळसाबाईनं जन्मात धनुष्य धरलं नव्हतं. म्हातारपणी मला रामायणात घालायलेत का, असं ती म्हणाली. पण त्याचं तोंड बघून तिनं पदर खोचला. पहिला बाण पोत्यापर्यंत पोचलाच नाही, शेळ्या उधळल्या. धनुष्य मात्र तिच्या हातातून सुटता सुटता राहिलं.

“आगं माय. ह्ये तर लाथ मारायलंय.”

“कुठं लागली? नीट सांग.”

“हितं. अंगठ्याच्या बुडात. कोपरापोतर गेली.”

मुंजाजीनं टोक कानशीनं उतरवलं. पुन्हा तिनं ओढलं, पुन्हा त्यानं विचारलं. डोळे त्याचे, तळहात तिचा, असं ते काम चाललं. ती वैतागली, दमली, तिचा हात लाल झाला, तरी तो टोकावरून नजर काढेना. तू खोटं सांगू नकोस, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस, असं तो दर खेपेला बजावत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाण सोडून ती थोडा वेळ थांबली, मूठ उघडली, मिटली.

“आता न्हाई. खरंच न्हाई. पोरीची शप्पथ.”

ते धनुष्य त्यानं स्वतः बोरीला नेऊन दत्तराव सरांना दिलं. जेवढ्या शाळांत यंदाची धनुष्यं गेली तिथून ती परत मागवा, असं सांगितलं. माझा हात मेलाय, हेही सांगितलं. सर काहीतरी समजुतीचं बोलू लागले, पण तो ऐकायला थांबला नाही.

निवडीच्या दिवशी सृष्टीनं परभणीला जायचा हट्ट धरला. मुंजाजी नको म्हणत होता, पण आता कुठल्या तोंडानं नको म्हणणार? मैदानाच्या कडेला दोरी बांधली होती, तिथं दोघं उभे राहिले. सृष्टीचा डावा हात गळ्यातल्या पट्टीत होता. रांगेत निकिता होती आणि तिच्या हातात म्हाळसाबाईच्या तळहातानं उतरलेलं धनुष्य.

निकितानं ओढलं, सोडलं. धनुष्य तिच्या मुठीत निवांत राहिलं. मुंजाजीनं सवयीनं आधी मूठ बघितली, मग लक्ष्य. बाण मधल्या पिवळ्यात होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा बाण, तिसरा. प्रत्येक बाणाला सृष्टीचा गळ्यातला हात पट्टीच्या आत हलत होता, खांदा मागे जात होता, श्वास थांबत होता. ती जागेवर उभी राहून सगळे बाण मारत होती. मुंजाजीला ते बघवेना, म्हणून त्यानं मान वळवली आणि लांब रस्त्यावरच्या एसट्या बघत राहिला. पोरी, मला माफ कर, एवढं तरी म्हणावं असं त्याच्या मनात फार होतं.

बऱ्याच वेळानं त्याची नजर खाली गेली. सृष्टीनं उजव्या हातानं त्याचा डावा हात धरला होता. बोटांत बोटं घालून इतका घट्ट, की तिची नखं पांढरी पडली होती. कधीपासून धरला होता, देव जाणे. तो रस्त्याकडे बघायचं सोडून त्या दोन हातांकडे बघत उभा राहिला, कारण नजर काढली असती तर तिनं हात धरलाय की सोडलाय हे त्याला कळलं नसतं.