धर्मेशभाईची हिरवी पाटी

सरावलीतल्या धर्मेशच्या सेवा केंद्राबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत संगणकाला हार, शेजारी नारळ. धर्मेश डोळे मिटून बटण दाबायचा आणि पडद्यावर हिरवी पाटी झळकायची, ‘नोंद बदलली!’ गर्दी हात जोडायची.

“काम झालं नाही तर सिस्टीमला दोष देऊ नका. श्रद्धा कमी पडते,” तो वर बजावायचा.

बायडीची श्रद्धा तीनदा कमी पडली होती. मुलीच्या, मोनालीच्या वसतिगृह अर्जावरचा मोबाईल नंबर बंद पडलेला. नवा नंबर तीनदा टाकून घेतला, तीनदा पाटी आली, पण मुलाखतीचा फोन काही येईना. आज संध्याकाळी पाचला मुलाखतीची यादी बंद होणार होती. वसतिगृह नाही तर मोनालीचं कॉलेजही नाही.

“मॅडम, मी तीन मंगळवार उपास केलं. माजंच कायतरी चुकतंय,” बायडी सोबत आलेल्या रूपलला म्हणाली.

मोनालीला संगणक शिकवणाऱ्या रूपलच्या डोक्यात तिडीक गेली. बाई उपाशी राहते आणि हा नारळ फोडून खातो!

“धर्मेशभाई, अर्ज क्रमांक नऊ लाख. मोबाईल नंबर बदला.”

“कुणाचा अर्ज?”

“सिस्टीमला कळेल ना!”

हिरवी पाटी झळकली.

“अर्ज आलेत जेमतेम चारशे. मग आत्ता बदललं काय?”

नोंद बदलायचं ते पान धर्मेशनेच पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं. रूपलने ते उघडायला लावलं. एका ओळीत सगळे अर्ज साठवणाऱ्या डेटाबेसला ‘बदल’ असा हुकूम, लगेच खालच्या ओळीत पाटी. हुकूम पाळला गेला का, हे मध्ये कुणी विचारतच नव्हतं.

“त्या क्रमांकाचा अर्जच नसेल तर डेटाबेस कुरकुरत नाही,” रूपल चिडून सांगू लागली. “एकही नोंद बदलत नाही आणि गप्प बसतो. किती नोंदी बदलल्या हे त्याला विचारायचं. शून्य म्हणाला, तर नोंद परत वाचून बघायची: ती मुळातच नाही, की नवा नंबर तिच्यात आधीपासूनच आहे? आणि इथे आधी टाकलेले क्रमांक दिसतायत, तुम्ही बायडीताईंच्या अर्ज क्रमांकाऐवजी तुमच्याच पावतीचा क्रमांक टाकत होतात. तीनही वेळा!”

तिने ती तपासणी घातली, खरा क्रमांक टाकला. ‘एक नोंद बदलली.’

“झालं, ताई.”

“थांब मॅडम. वसतिगृहात फोन लाव. तेंच्याकडं कुठला नंबर हाय, तेंनाच वाचू दे.”

पलीकडचा कारकून एकेक आकडा वाचत गेला, बायडी नवा नंबर लिहिलेल्या कागदावर बोट सरकवत गेली. सगळे जुळले. मुलाखत उद्या दहाला.

बायडी आपल्या शब्दावर विसंबली नाही, याचा रूपलला रागच आला नाही. बायडीचंच बरोबर होतं. कुणी ‘झालं’ म्हटलं की खरंच झालं का, हे पडताळून पाहावं. सांगणारा बाबा असो, नाहीतर मॅडम.