पितळी पट्टीचं माप

कंपनीला टाळं लागून आठ महिने झाले होते आणि ज्योतिबा फिटर घरी बसून स्वतःलाच खात होता. अशात तळवलीच्या मिथुनशेठचा निरोप आला. बाप भातशेती करायचा, पोरगा बिल्डर झाला होता. ऑफिसातल्या इमारतींच्या मॉडेलभोवती त्याला छोटी आगगाडी फिरवायची होती. परदेशातून इंजिन आणलं, रूळ आणले, पण ते बसवायची हत्यारं आणायचं शहाण्याला सुचलंच नाही! "गुरवारी चारला येतो," शेठ म्हणाला. "गाडी फिरली तं आमच्या सगल्या ऑफिसांत अशीच बसवायची. नोकरी पक्की, काका."

हत्यारांवाचून अडेल तो फिटर कसला? छत्रीची काडी घासून त्यानं बारीक खिळे दाबायचा दाभण केला. करवतीच्या मोडक्या पात्याची पटाशी झाली. रुळांमधलं अंतर धरायला पितळी पट्टीला दोन खाचा पाडल्या, त्याही अशा चोख की चाक आणि रूळ यांच्यात केस जाणार नाही. बावीस वर्षांत सैल काम त्यानं हाताखालून जाऊ दिलं नव्हतं.

गुरुवारी बारा वाजता गाडी सोडली. सरळ रुळावर ती रखडत गेली आणि वळणावर अडकली. पुन्हा सोडली, पुन्हा अडकली. ज्योतिबाच्या तोंडचं पाणी पळालं. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार होतं पन्नाशीच्या माणसाला?

डबा घेऊन आलेली बायको, शकुबाई, मघापासून बघत होती. "अवो, वळताना चाकाला हलाय जागा नगं व्हय?"

तो तिच्यावर खेकसला, मग त्यानं अडकलेलं चाक बोटानं हलवून पाहिलं. बाई बरोबर बोलत होती. ज्या घट्ट कामासाठी कारखान्यात नाव होतं, तेच आज नडलं होतं. रुळांमधलं अंतर जरासं वाढावं म्हणून त्यानं खाचांच्या बाहेरच्या कडा कानशीनं घासल्या, वळणावरचे सगळे खिळे उपटले आणि देवाचा धावा करत रूळ पुन्हा बसवले. चारला पाच कमी असताना गाडी पुरा फेरा मारून आली. शकुबाईनं डोळ्यांना पदर लावला.

शेठ आला, हरखला. मग त्यानं पट्टी उचलून रुळांवर बसवून पाहिली. "येवरा सोप्पा हाय? मंग आमचा सुतार पन करल. हत्यारं ठेवून जा, काका. दोन दिसांची मजुरी देतो."

"आणि नोकरी?" ज्योतिबानं विचारलं.

"आता येगला मानूस कशाला?" शेठनं सुताराला हाक मारली. "याला वलनावर पट्टी कशी धरायची, तेवरं दाखवा."

उलटं दाखवावं, बसू दे बोंबलत, असं ज्योतिबाला वाटलं. संतापानं कानशिलं तापली होती. पण हाताला खोटं माप दाखवता येईना. तो वाकला आणि पट्टी कशी धरायची ते त्यानं सुताराला नीट, दोनदा दाखवलं.