गुलाबी झरा

आमची मोनाली सरपंच झाली, त्याचं मला कौतुकच आहे. पण सरपंच झाली म्हणून सुनेनं सासूची जमीन माईकवरून वाटत सुटावं का? ग्रामसभा भरलेली, मारुतीच्या पारापुढं सतरंज्या टाकलेल्या, मी पहिल्या रांगेत. सरपंचाची सासू मागं बसत नसते. आणि ही उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "गावाच्या सांडपाणी प्रकल्पासाठी ओढ्याकडची चार गुंठे जागा आमच्या आत्या देणार आहेत. त्यांचं मन मोठं आहे."

टाळ्या! शेजारची सुवर्णा मला मिठीच मारायला निघाली. मी म्हटलं, "लांब हो बाई, मलाबी आत्ताच कळलंय."

आता हे चार गुंठे म्हणजे काय, ते सांगते. आम्ही मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारी माणसं. माझं लग्न झालं तेव्हा घर म्हणजे घोड्यावर लादायचं बिऱ्हाड. फिरणं सोडून न्हावऱ्याच्या अलीकडं या वाडीत थांबलो, तेव्हा पहिली चूल मांडली ती या जागेत. सातबाऱ्यावर एकटीचं नाव आहे, कस्तुराबाई. धनी गेल्यावर मी तिथं घर बांधलं नाही, गोठा घातला नाही, कारण तिथं माझा झरा आहे.

जिवंत झरा. सातआठ वर्षांमागं एका उन्हाळ्यात आपोआप फुटला. वैशाखात सगळ्या वाडीचं गवत वाळून कडकडीत होतं, आणि माझ्या जागेत गुडघाभर हिरवळ. मी तिथं एक दगड मांडला, शेंदूर लावला. आल्यागेल्याला दाखवत होते. देव कुणाच्याही रानात फुटत नाही, असंही सांगत होते.

आणि त्या जागेत हिला गावाच्या मोऱ्यांचं पाणी सोडायचं!

घरी आल्यावर मी चुलीपुढं बसले नाही, दारात उभी राहिले. मुलगा इंद्रजीत सणसवाडीला कंपनीत आहे, तो डबा ठेवून तसाच मागच्या दारानं निघाला. दोन बायकांच्या मधे पडू नये, हे त्याला कंपनीत शिकवलेलं नाही, पण येतं.

"मला इचारलंस का?" मी म्हटलं.

"इचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हनाला असता," मोनाली म्हणाली.

"मंग? न्हाई म्हनायचा हक्क माझा हाय का न्हाई?"

"हाय ना. म्हनून तर न्हाई इचारलं."

बघा! बारावीपर्यंत शिकलेल्या सुनेचं हे असं असतं. तोंडावर खरं बोलतात आणि भांडायला जागा ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं तो इंजिनिअर आणला. महेंद्र त्याचं नाव. पोरगा बरा, पण पँटीला एवढे खिसे की मेंढरू मावेल. महिनाभर तो घरोघरी बादल्या मोजत फिरला होता, कोण किती पाण्यानं अंघोळ करतं, कोण किती भांडी घासतं. रस्त्यापलीकडं ज्यांचं रान, त्या पोपटरावांच्या घरचं पाणी सगळ्यात जास्त निघालं, तेव्हापासून मला तो पोरगा आवडत होता. पण आता तो तीन पायांचं यंत्र माझ्या जागेत उभं करून म्हणाला, "आजी, गावाचा सगळा उतार इथंच येतो. पाणी आपोआप येईल, मोटर लागायची नाही. पहिल्यांदा जाळी, मग गाळ बसायची टाकी, मग खडीचा वाफा. त्यात कर्दळ लावायची. मुळं पाणी स्वच्छ करतात."

"कर्दळ? आरं, आमच्या दर मोरीमागं कर्दळच लावलेली असती. त्यासाठी तुला पुन्याहून यावं लागलं?"

तो हसला. हसण्यावारी नेलं की मला जास्त राग येतो.

"आन् तुझं यंत्र चुकलंय," मी म्हटलं. "गावाचं गटार त्या रस्त्याच्या पलीकडं, पोपटरावच्या बांधाला जाऊन थांबतं. सगळ्या गावाला दिसतंय. माझ्याकडं देवाचं पानी हाय, मोरीचं न्हाई."

पोपटराव तिथंच होते. ते सगळीकडंच असतात. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "वहिनी, माझ्या बांधाला येतं ते नुसतं दिसायला येतं. तिथनं फुडं कुठं जातं, ते बघा की."

माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि जीभ सुटली. "बघूच! पैज लावा. गटारात रंग टाकते. ज्याच्या रानात रंग निघंल, त्यानं जागा द्यायची. माईकवर नाव न घेता, स्वतःच्या हातानं."

"मंजूर," पोपटराव म्हणाले.

मी मोनालीकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आमच्या घरात अजून तीसेक मेंढरं आहेत. त्यांच्या पाठीवर खूण करायचा गुलाबी रंग आम्ही ठेवतो. दुसऱ्याच्या कळपात आपलं मेंढरू गेलं तर लांबून ओळखू यावं म्हणून. एक चिमूट लागली तर महिनाभर जात नाही. मी चिमूट नाही, अख्खा डबा घेतला. मारुतीच्या पारापाशी गटाराच्या तोंडाला गेले, सगळ्या गावासमोर डबा पालथा केला आणि वर दोन घागरी पाणी.

काय सांगू! गटार असं गुलाबी झालं, जशी लग्नात नवरीची साडी उलगडावी. आणि निघालं! पुढं गुलाबी पाणी, मागं गाव. पोरं ओरडतायत, कुत्री भुंकतायत, सुवर्णा हातातल्या पोळपाट-लाटण्यासकट धावतेय. गिरणीपाशी पाणी वळलं, तिथं सगळे वळले. शाळेपाशी गुरुजींनी वर्ग सोडून दिला, अभ्यास म्हणून. दूध घालायला निघालेला एक जण मोटरसायकल बाजूला लावून किटल्या वाजवत मागनं आला. मी साठ वर्षांची बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट करून सगळ्यात पुढं. "चल रं, चल पोपटरावच्या रानात!" असं पाण्याला सांगत होते. पाण्याला!

पाणी पोपटरावांच्या बांधाला आलं. थांबलं. गोल गोल फिरलं. आणि रस्त्याच्या कडेच्या दगडांत शिरून गडप.

"संपलं!" मी म्हटलं. "इथंच जिरतंय. पोपटराव, सातबारा काढा."

"थांबा वहिनी," पोपटराव म्हणाले. "च्या घेऊ."

त्यांनी सगळ्या गावाला चहा सांगितला. तासभर आम्ही बांधावर बसून होतो. महेंद्र सारखा घड्याळ बघत होता. मी तीन कप प्यायले, जिंकल्याच्या आनंदात. एवढ्यात रस्त्याच्या अलीकडून माझी नात प्रगती किंचाळली, "आज्जी! तुझा देव गुलाबी झालाय!"

मी उठून गेले तर दगडाच्या बुडातून झुळझुळ, झुळझुळ, गुलाबी पाणी. माझा जिवंत झरा. सातआठ वर्षांचा देव. जुन्या रस्त्याखाली दगडगोट्यांचा भराव होता, त्यातून सगळ्या वाडीच्या अंघोळी माझ्या शेंदराच्या दगडाखाली निघत होत्या. आणि गटारं बांधून किती वर्षं झाली? सातआठच.

सगळ्यांनी पदर-टोप्या तोंडाला लावल्या. मला गावात सगळे थोडे भितात. आणि मग पोपटरावांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"वहिनी," ते म्हणाले, "गेल्या श्रावणात तुम्ही मला ह्या झऱ्याचं तीर्थ दिलं हुतं."

"दिलं हुतं," मी म्हटलं.

"मी प्यालो."

"दोनदा मागून घेतलंत."

"आन् सगळ्यात जास्त पाणी तर काकांच्याच घरचं!" महेंद्र म्हणाला.

झालं. पहिल्यांदा सुवर्णा बसली खाली. मग गुरुजी. मग मोनाली, सरपंच, बांधाला टेकून पोट धरून. पोपटराव थुंकत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम. मी हसू दाबायला दात आवळले, पण नाकातून असा आवाज निघाला की शेजारी चरणारी आमची मेंढरं बावरली. मग मीही सोडून दिलं. एवढी मी माझ्या लग्नातही हसले नव्हते.

महेंद्र डोळे पुसत म्हणाला, "पण आजी, वास येत नव्हता ना? दगडांनी आणि गवतानं थोडं तरी गाळलं ना पाणी? आपण हेच नीट बांधणार आहोत. जागा तुमची आधीपासून हेच काम करतेय."

शब्द म्हणजे शब्द. शिरूरला जाऊन मी कागदावर सही केली, अंगठा नाही, पाचही अक्षरं ओळीनं. पण अट घातली, काम माझ्या डोळ्यांसमोर होईल.

आणि मग बांधकामाला मजा आली बघा. खुर्ची टाकून मी सकाळपासून तिथं. खड्डा खणला, टाकी बांधली, पाइप टाकले. गवंडी उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. मी त्यांना मराठीत ओरडायचे, ते मला हिंदीत 'माताजी' म्हणायचे, दोघांनाही सगळं समजायचं. एक पाइप मला डोळ्यांनीच उलटा वाटला. महेंद्र म्हणाला, यंत्रानं बरोबर आहे. मी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी माघारी येऊन माझ्या पायावर. आमच्यात मुक्कामाला मेंढरांचा वाडा लावताना बाया असंच तांब्यानं बघतात, मेंढरांखाली ओल कुठं जाणार ते. त्या दिवसापासून तो पोरगा यंत्र लावायचा आणि मग म्हणायचा, "आजी, तांब्या?"

खडीच्या वाफ्यात कर्दळ लावली, ओळीनं, महिन्यात कमरेएवढी झाली. चार बाजूंनी जाळी लावली, तिला फाटक बसवायला निघाले. मी म्हटलं, "माझ्या जागेत जायला मला कुलूप? काढा ते." काढलं.

दिवाळीनंतर उद्घाटन ठरलं. दुपारी चारला तालुक्याचे साहेब येणार, मांडव घातलेला. आणि मला वाटलं, शेजारचं रान कांद्याला तयार करायचंय, माझा भाऊ खंडू कळप घेऊन कोकणाकडं निघालाय, जाता जाता दोन दिवस मेंढरं बसवावीत. खत मिळेल. रान माझं, भाऊ माझा. फोन केला. तो आला, तीनशे मेंढरं घेऊन.

उद्घाटनाच्या सकाळी मी चहा घेऊन वाफ्याकडं गेले. फाटक नव्हतंच. वाफ्यात खडी होती, आणि खडीत तीनशे मेंढरं होती. कर्दळीचा एक हिरवा ठिपका उरला नव्हता. खंडू उभा होता, पागोटं हातात घेऊन. "आक्का," म्हणाला, "लई आवडीनं खाल्ली."

मोनाली मागनं आली. तोंडावर हात. मला वाटलं रडतेय. बघते तर खांदे हसण्यानं हलतायत. मग हसू थांबलं आणि ती हळूच म्हणाली, "आत्या, मामांना बोलवलंत. मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हनाली असतीस," मी म्हटलं.

म्हटलं खरं. आणि स्वतःच ऐकलं. ती खडीत वाकून कंद चाचपायला लागली. चांगल्या घरची आहे.

महेंद्र म्हणाला, कंद जिवंत आहेत, पुन्हा फुटेल. पण चार वाजता तर फुटणार नाही! मी चहा खाली ठेवला, डोक्यावर पाटी घेतली आणि पहिल्या दारात गेले. जन्मात कुणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते. मीठसुद्धा नाही. "सुवर्णे, तुझ्या मोरीमागची कर्दळ देतीस का?" तिनं कंदासकट उपटून दिली आणि स्वतःही निघाली. मग पुढचं दार. मग त्याच्या पुढचं. दर घरातून एक बाई आणि एक कर्दळ. लाल फुलांची, पिवळ्या फुलांची, ठिपक्यांची. शेवटी पोपटरावांचं दार.

"वहिनी, तुम्ही मागायला आलात?"

"न्हाई, तीर्थ द्यायला आले. कर्दळ देता का न्हाई?"

सगळ्यात मोठा गड्डा त्यांनीच दिला आणि डोक्यावर घेऊन स्वतः चालले. बारा वाजता शंभर बाया चिखलात, पोपटराव गुडघाभर खडीत, खंडू पाणी शेंदतोय, गवंडी कसलंसं गाणं म्हणतायत. साडेतीनला वाफा असा फुलला की साहेबांना वाटलं, आमचा बेतच होता, प्रत्येक घराची एक कर्दळ. त्यांनी भाषणात तसं सांगितलंही. कुणी खोडून काढलं नाही.

मोनालीनं पाणी सोडलं. जाळीतून, टाकीतून, वाफ्यातून. आम्ही सगळे दुसऱ्या टोकाला वाकून बसलो. आणि आलं. बारीक, निवळ, वास नसलेलं. मी हातात धरलं. पोपटराव म्हणाले, "वहिनी, मी पिणार न्हाई." म्हटलं, "हे मेंढरांच्या हिरव्या घासाला हाय, तुम्हांला न्हाई."

माझा शेंदराचा दगड त्या टोकालाच मांडला होता. मोनालीनं मांडला होता. त्याआधी मला विचारलं होतं तिनं, सकाळच्या गोंधळात, भीत भीत, "आत्या, इथं ठिवू का?" तेव्हा मी नुसती मान हलवली होती.

आता ती माईकवर आभार मानायला लागली. मी उठले आणि माईक तिच्या हातातून घेतला.  साहेब खुर्ची पुढं ओढून बसले.

"मोनाली, ऐक," मी म्हटलं. "तू मला न इचारता माझी जागा दिलीस, ही चूक. जागा बरुबर दिलीस, ती येगळी गोष्ट. मी आज समद्या गावाच्या दारात इचारत फिरले, माझी जीभ झिजली न्हाई, तुझीबी झिजायची न्हाई. इथनं फुडं इचारत जा. मी न्हाईच म्हननार. पर तू इचार, आन् मंग तुला करायचं ते कर."