एक शिक्षिका

अब्बांना उर्दू वाचता येई, मराठी नाही, म्हणून रोजचा पेपर मी वाचून दाखवायची. डिसेंबर १९९९. दुसऱ्या दिवशी अब्बांच्या दुकानासकट वडशातल्या सगळ्या व्हिडिओ गेमच्या दुकानांचे परवाने तपासायला तहसीलची माणसं येणार होती.

"आपल्या दुकानाचं काही आलं काय?" अब्बांनी विचारलं.

आलं होतं. 'पोरं शाळा बुडवतात, सरकारनं ही दुकानं बंद करावीत,' असं वाचकांच्या पत्रांत छापलं होतं. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक शिक्षिका'. ते पत्र माझं होतं. अब्बा-अम्मी दोघंही ऐकत होते; एकही शब्द न गाळता मी ते वाचलं.

"बाई लिहिते चांगली," अब्बा म्हणाले. "पण शाळेच्या टायमाले मी मशीनवर चादर टाकून बसतो, हे तिले कोण सांगंल? तू जबाब लिव. एक डाव येऊन पाह्य म्हणा."

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावून टाकलं.

"तू काऊन भेऊन राह्यली? दुकान माहं हाये," ते हसले.

दुसऱ्या दिवशी तपासणीआधीच दुकानात त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवसानंतर अम्मीनं मशिनी विकायला काढल्या. त्यांच्यावरच्या चादरी घडी करताना ती म्हणाली, "त्या मास्तरीणबाईले आता चैन पडली असंल."

मी दुसरं टोक धरून उभी होते.

"अम्मी, ते पत्र मी लिहिलं होतं."