हातचा एक

तिनं तिसऱ्यांदा बटण बंद करून चालू केलं. पडद्यावर पुन्हा तोच आकडा उमटला. ६६०४८. यायला हवा होता ५१२.

समोरचा पंपाचा बोर्ड बाहेरच्या कारखान्यातून आला होता. त्यावरचा सोल्डरचा एकूण एक जोड यंत्रानं केलेला. माणसाचा हात लागलेलाच नव्हता. तिनं तीन वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम उघडला.

पंप चालू केला की सगळ्यात आधी चालतो तो हा इवलासा प्रोग्रॅम. मेमरी किती ते मोजायचं आणि आकडा छापायचा, एवढंच त्याचं काम. चिपला अख्खा आकडा एकदम छापता येत नाही. त्याला दहानं भागत राहायचं; उरणारी प्रत्येक बाकी म्हणजे एकेक अंक. पण भागायच्या आधी हातच्याची जागा पुसून शून्य करावी लागते, नाहीतर मागलं काहीतरी हिशेबात घुसतं. तिनं प्रत्येक भागाकारानंतर ती पुसली होती. पहिल्याच्या आधी पुसायची राहिली होती. जुन्या चिपमध्ये ती जागा आपसूकच रिकामी असे, म्हणून कधी अडलं नाही. नव्या चिपमध्ये तिथं सुरुवातीलाच एक बसलेला होता, आणि त्या जागेवरचा एक म्हणजे ६५५३६; तोच ५१२ मध्ये मिळवला जात होता.

तिनं राहिलेली ओळ लिहिली. ५१२ आला. तिला काही आनंद झाला नाही.

मागल्या वर्षी हाच आकडा सोल्डरिंगवाल्या काकांच्या टेबलावरून आलेल्या बोर्डांवर दिसला होता. नव्या चिपा पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेल्या होत्या, बाकी टेबलांवर जुन्याच होत्या, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही. काकांनी एकवीसच्या एकवीस बोर्ड भिंगाखाली धरून तीनदा तपासले, जोड पक्के आहेत म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि ‘जोड कच्चे’ अशा अहवालावर सही केली. साहेबांनी वयाचा विषय काढून काकांना पॅकिंगला पाठवलं. तोवर ते तिला ‘पोरी’ म्हणत. त्यानंतर ‘मॅडम’.

ती साहेबांकडे गेली. झालं गेलं कशाला उकरून काढता, दुरुस्ती झाली ना, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिनं नवा अहवाल टेबलावर ठेवला. चूक कोणाची, या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सोमवारपासून काकांना जुन्या जागी बसवा म्हणाले.

पॅकिंगमध्ये काका खोक्याला टेप लावत होते.

“काका, चूक माझी होती. तुमचे जोड बरोबर होते.”

त्यांनी टेप तोडली, अंगठ्यानं दाबून नीट बसवली.

“सगळे?”

“एकवीसच्या एकवीस.”

त्यांनी मान हलवली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. घरी आपण डोळे अधू झाल्याचं सांगून बसलोय, आता काय सांगायचं ते बघावं लागेल, एवढंच ते म्हणाले आणि पुढचं खोकं ओढलं.

सोमवारी ती मुद्दाम त्यांच्या टेबलाशी गेली. काकांनी सोल्डरिंगचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं, तार टेकवली. धुराची बारीक रेघ वर गेली. एकदा बसले की चाळीस जोड होईस्तोवर मान वर न करणारा हा माणूस. आज पहिल्याच जोडाला थांबला. त्यांनी भिंग लावलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा भिंग लावलं. मग बोर्ड हलकेच तिच्याकडे सरकवला.

“मॅडम, बघता का जरा? बसलाय ना?”

जोड लख्ख होता, थेंबासारखा गोल.

“पक्का आहे, काका.”

त्यांनी दुसरा केला. बोर्ड पुन्हा सरकला.

“आणि हा?”

वर साहेबांची मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली होती. तिनं फोन करून येत नसल्याचं कळवलं, पलीकडची खुर्ची ओढली आणि काकांच्या शेजारी बसली.

“हाही पक्का आहे,” ती म्हणाली. “करा पुढचा.”